कोठार भरलेलं, दार मात्र बंद: अ‍ॅड्रिनल ग्रंथीतला कोलेस्टेरॉलचा प्रवास

दोन-तीन आठवड्यांचं बाळ. पोटात दूध ठरत नाही, वजन चढण्याऐवजी उतरतंय, अंग सुकत चाललंय आणि त्वचा मात्र दिवसागणिक काळवंडतेय. रक्त तपासलं तर सोडियम खाली, पोटॅशियम वर आणि ताणाच्या वेळी शरीर सावरणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक जवळजवळ नाहीच. आता या बाळाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत डोकावून पाहिलं तर काय दिसतं? ग्रंथी सुकलेल्या नाहीत. उलट चांगल्या फुगलेल्या आहेत आणि आतून कोलेस्टेरॉलने ठासून भरलेल्या आहेत. कॉर्टिसोल ज्या कच्च्या मालापासून बनतं, तोच हा माल. कोठार ओसंडून चाललंय आणि तयार संप्रेरकाचा मागमूस नाही.

स्वित्झर्लंडमध्ये आंद्रेआ प्राडर आणि गुर्टनर यांनी 1955 साली या आजाराचं वर्णन केलं. आज त्याला जन्मजात लिपॉइड अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया म्हणतात. आजार फार दुर्मिळ आहे. तरी मी सुरुवात त्याच्यापासून केली, कारण निरोगी माणसाच्या शरीरात जी गोष्ट रोज गुपचूप पार पडते, ती या बाळांनी विज्ञानाला दाखवून दिली. ती गोष्ट अशी: स्टेरॉइड संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसोलसारखं कोलेस्टेरॉलपासून बनणारं संप्रेरक, किती बनणार, हे कोलेस्टेरॉल किती आहे यावर फारसं ठरत नाही. ते योग्य जागी पोचतं की नाही, यावर ठरतं.

आधी एक छोटा हिशेब करू. निरोगी प्रौढ माणूस दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमच्या आसपास कॉर्टिसोल बनवतो. कॉर्टिसोलचा एक रेणू कोलेस्टेरॉलच्या एका रेणूपासून बनतो आणि दोघांच्या वजनात फार फरक नाही, म्हणजे यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल झालं 10-11 मिलिग्रॅम. आता रक्ताकडे बघा. शरीरात अंदाजे 3 लिटर रक्तद्रव असतो. रिपोर्टवर एकूण कोलेस्टेरॉल 170 आलं, तर त्या 3 लिटरमध्ये सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे 5,000 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल फिरत असतं. दिवसभराच्या कॉर्टिसोलला त्यातला जेमतेम पाचशेवा हिस्सा पुरतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथी बनवते ती बाकीची संप्रेरकं यात मिळवली तरी चित्र बदलत नाही. माल मुबलक आहे. अडचण वाहतुकीची आहे.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन असतात, प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक, वजन प्रत्येकी 4-5 ग्रॅम. ग्रंथी कापली तर बाहेरचा थर पिवळट दिसतो आणि आतला गाभा गडद. तो पिवळेपणा साठवलेल्या कोलेस्टेरॉलचा. बाहेरच्या थराचेही तीन पदर असतात. सर्वांत वरच्यात अल्डोस्टेरॉन बनतं, जे शरीरात मीठ धरून ठेवतं आणि रक्तदाब सांभाळतं. मधल्या, सर्वांत जाड पदरात कॉर्टिसोल. सर्वांत आतल्या पदरात डीएचईए, ज्याच्यापासून पुढे पुरुषी आणि स्त्रैण संप्रेरकं तयार होऊ शकतात.

एकाच ग्रंथीत दोन अगदी वेगळ्या रीती चालतात. आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रिनलिन बनतं. ते बनवून इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. इशारा आला की पिशव्या फुटतात आणि क्षणात अ‍ॅड्रिनलिन रक्तात. बाहेरच्या थराला ही सोय नाही. स्टेरॉइड संप्रेरकं मेदात सहज मिसळतात आणि पेशीचं पटल म्हणजे मेदाचाच पडदा. कॉर्टिसोल पिशवीत भरलं तरी ते पिशवीतून झिरपून जाईल. म्हणून तयार कॉर्टिसोलचा साठा शरीरात कुठेच नसतो. साठा असतो तो कोलेस्टेरॉलचा, आणि मागणी आली की तिथल्या तिथे संप्रेरक घडवावं लागतं. तरीही पियूषिका ग्रंथीकडून एसीटीएच या संप्रेरकाचा निरोप आला की काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसोल चढू लागतं. हाताशी तयार माल नसताना एवढी चपळाई येते कुठून, हा प्रश्न वैज्ञानिकांना कित्येक दशकं पुरला.

त्या चपळाईकडे जाण्याआधी कोलेस्टेरॉल पेशीपर्यंत कसं येतं ते बघू.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून ते एकटं फिरू शकत नाही. प्रथिनं आणि मेद यांच्या सूक्ष्म गोळ्यांत बसून ते प्रवास करतं. रिपोर्टवर दिसणारे एलडीएल आणि एचडीएल म्हणजे हेच गोळे. एलडीएलच्या एका गोळ्याच्या पोटात कोलेस्टेरॉलचे सुमारे 1,500 रेणू असतात, प्रत्येकाला मेदाम्लाची शेपटी जोडलेली. अशा शेपटीवाल्या रूपाला एस्टर म्हणतात. साठवणीसाठी हे रूप उत्तम, पण संप्रेरक करायचं तर शेपटी तोडावीच लागते.

अ‍ॅड्रिनल पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलला पकडणारी प्रथिनं, म्हणजे त्याचे ग्राही, दाटीवाटीने बसलेले असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी ज्या एलडीएल ग्राहीच्या शोधासाठी 1985 चं नोबेल मिळवलं, तो शुद्ध रूपात वेगळा काढला गेला 1982 मध्ये, आणि तो काढला होता गाईच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून. ज्या उतीत ग्राही सर्वांत विपुल तिथूनच तो काढणं सोपं. या ग्रंथीची कोलेस्टेरॉलची ओढ केवढी आहे, ते एवढ्यावरून कळावं.

ग्राही एलडीएलला पकडतो आणि पेशी तो गोळा आख्खा गिळते. गोळा लयकारिकेत जातो, तिथल्या आम्लात एक विकर शेपट्या तोडतं आणि एनपीसी2, एनपीसी1 ही दोन प्रथिनं मोकळं झालेलं कोलेस्टेरॉल हातोहात बाहेर काढतात. शेपटी तोडणारं विकर जन्मतःच नसेल तर वोलमन नावाचा आजार होतो. त्यात एस्टर लयकारिकेतच अडकून पडतात आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींत कॅल्शियम साचून त्या एक्स-रेवर खडूसारख्या पांढऱ्या दिसतात.

दुसरी वाट एचडीएलची. इथे गोळा गिळला जात नाही. एसआर-बी1 नावाचा ग्राही त्याला धरतो, पोटातले एस्टर ओढून घेतो आणि रिकामा गोळा पुन्हा रक्तात सोडून देतो. उंदरांच्या अ‍ॅड्रिनलचा भर याच वाटेवर असतो. उंदरातला हा ग्राही काढून टाकला की त्याच्या ग्रंथीतला कोलेस्टेरॉलचा साठा जवळपास आटतो. माणसात मुख्य वाट एलडीएलची, पण एचडीएलचीही बंद नसते. आणि तिसरी वाट म्हणजे घरचं उत्पादन: पेशी साध्या अ‍ॅसिटेटपासून सुरू करून कोलेस्टेरॉल स्वतः घडवू शकते.

या तीन वाटांनी आलेल्या कोलेस्टेरॉलपैकी लगेच न लागणाऱ्याला पुन्हा शेपटी जोडून थेंबांच्या रूपात साठवतात. सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या पदरातल्या पेशी स्पंजासारख्या भोकाभोकांच्या दिसतात. ती भोकं म्हणजे थेंबांच्या रिकाम्या जागा, कारण नमुना तयार करताना वापरलेल्या द्रावकात मेद धुऊन गेलेला असतो. शेपटी जोडण्याची ही पायरी दिसते तेवढी किरकोळ नाही. मोकळं कोलेस्टेरॉल फार साचलं तर ते पेशीला विषारी ठरतं. अ‍ॅड्रिनलच्या कर्करोगात दिलं जाणारं मायटोटेन हे औषध नेमकं हेच घडवतं: शेपटी जोडणाऱ्या विकराला रोखतं, मोकळं कोलेस्टेरॉल साचतं आणि पेशी मरते.

एसीटीएचचा निरोप आला की पेशीत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, तो दुसऱ्या एका विकराला जागं करतो आणि थेंबांतल्या एस्टरांच्या शेपट्या तुटू लागतात. कोलेस्टेरॉल मोकळं होऊन मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेच्या, दाराशी जमतं.

आणि इथे ते अडतं.

तंतुकणिकेला दोन पटलं असतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. कोलेस्टेरॉलवर पहिला घाव घालणारं विकर, पी450एससीसी, आतल्या पटलावर बसलेलं असतं. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे 27 अणू असतात. हे विकर त्याची 6 कार्बनांची बाजूची साखळी छाटतं आणि 21 कार्बनांचं प्रेग्नेनोलोन उरतं. शरीरातलं प्रत्येक स्टेरॉइड संप्रेरक, कॉर्टिसोल असो, अल्डोस्टेरॉन असो, टेस्टोस्टेरॉन की इस्ट्रोजेन, या एकाच पायरीवरून पुढे जातं. पण दोन पटलांच्या मध्ये पाणी आहे आणि कोलेस्टेरॉल पाण्यात उतरायला तयार नाही. अंतर आहे काही नॅनोमीटरचं. यकृतापासून अ‍ॅड्रिनलपर्यंतचा सारा प्रवास निभावून आलेला रेणू या शेवटच्या पावलापाशी खोळंबतो.

ही अडचण लक्षात आली ती एका चमत्कारिक निरीक्षणातून. 1960 च्या दशकात संशोधकांनी उंदरांना एसीटीएच दिलं आणि सोबत नवीन प्रथिनं बनणं थांबवणारं औषध दिलं. स्टेरॉइडची निर्मिती वाढलीच नाही. हे कोड्यात टाकणारं होतं, कारण लागणारी सगळी विकरं पेशीत आधीपासून हजर होती आणि औषधाने ती नष्ट झाली नव्हती. मग कोलेस्टेरॉलऐवजी त्याचं थोडं बदललेलं रूप देऊन पाहिलं गेलं. कोलेस्टेरॉलला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी जास्तीची लावली की ते पाण्यात जरा बरं मिसळतं आणि आपलं आपण आतल्या पटलापर्यंत पोचतं. ते दिल्याबरोबर स्टेरॉइड भराभर बनू लागलं. म्हणजे भट्टी धडधाकट होती, माल आत येत नव्हता. पुढे मोजमापातूनही दिसलं की अशा वेळी कोलेस्टेरॉल बाहेरच्या पटलावर साचतं आणि आतलं पटल उपाशी राहतं.

निष्कर्ष एकच निघत होता. कोलेस्टेरॉलला पलीकडे पोचवणारं एखादं प्रथिन असणार, ते निरोप आल्यावर ताजं बनत असणार आणि त्याचं आयुष्य अगदी अल्प असणार. 1980 च्या दशकात नॅनेट ऑर्म-जॉन्सन यांना उत्तेजित अ‍ॅड्रिनल पेशींत अशा वर्णनाची प्रथिनं सापडली. 1994 मध्ये डग्लस स्टोको यांच्या गटाने त्याचा जनुक वेगळा काढला. प्रथिनाला नाव मिळालं स्टेरॉइडोजेनिक अ‍ॅक्यूट रेग्युलेटरी प्रोटीन, थोडक्यात स्टार.

स्टारची काम करण्याची पद्धत मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग वाटते. स्टार पेशीद्रवात बनतं तेव्हा त्याच्या टोकाला एक छोटी पट्टी असते, तिच्यावर जणू पत्ता लिहिलेला: तंतुकणिकेच्या आत जा. सुरुवातीला वाटलं की ते आत शिरताना कोलेस्टेरॉललाही सोबत घेऊन जात असेल. म्हणून 1996 मध्ये ती पत्त्याची पट्टीच कापून पाहिली गेली. असं स्टार आत जाऊ शकत नाही, बाहेरच राहतं. तरी कोलेस्टेरॉल पूर्ववत आत जात राहिलं! स्टारचं काम बाहेरच्या पटलावर उभं राहूनच चालतं. ते आत ओढलं गेलं की पट्टी कापली जाते आणि त्याचा उपयोग संपतो. बाहेर आहे तोवर एकेक स्टार मिनिटाला कोलेस्टेरॉलच्या शेकडो रेणूंना पलीकडे लावतं, आणि बाहेर ते काही मिनिटंच असतं. ताज्या स्टारचा पुरवठा थांबला की मालाची ये-जाही लगेच मंदावते. कॉर्टिसोल झटकन वाढतं आणि निरोप थांबल्यावर लगेच उतरू लागतं, त्यामागे हे आहे. अल्डोस्टेरॉनच्या पदरात निरोप वेगळे, म्हणजे अँजिओटेन्सिन आणि रक्तातलं पोटॅशियम, पण शेवटी तेही स्टारलाच कामाला लावतात.

आता त्या बाळाकडे परत येऊ. कित्येक वर्षं समज असा होता की त्याचं साखळी छाटणारं विकर बिघडलेलं असणार. कोलेस्टेरॉल साचतंय आणि पुढे काहीच बनत नाही, तर दुसरं काय असेल? पण रुग्णांमध्ये त्या विकराचा जनुक तपासला तर तो साबूत निघाला. 1995 मध्ये वॉल्टर मिलर आणि जेरोम स्ट्रॉस यांच्या गटांनी दाखवलं की दोष स्टारच्या जनुकात आहे. पोचवणाराच नाही.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. गर्भारपण टिकवायला वारेतून (प्लॅसेंटातून) भरपूर प्रोजेस्टेरॉन लागतं आणि तेही स्टेरॉइडच. स्टार नसलेला गर्भ नऊ महिने टिकतो कसा? कारण वार स्टारवर अवलंबूनच नाही. तिच्यापाशी कोलेस्टेरॉल आत पोचवण्याची वेगळी सोय आहे. वार बाळाच्याच पेशींतून वाढते, तरी स्टारचा दोष तिला बाधत नाही.

बाळ जन्मल्या जन्मल्या कोसळत का नाही, याचंही उत्तर आहे. स्टार नसलं तरी थोडंफार कोलेस्टेरॉल आपसूक आत जातच असतं, त्यावर काही दिवस, कधी काही आठवडे भागतं. पण कॉर्टिसोल कमी पडतंय हे पाहून पियूषिका एसीटीएचचा मारा वाढवते. त्वचा काळवंडते ती याच वाढलेल्या एसीटीएचमुळे. प्रत्येक निरोपासरशी पेशी आणखी कोलेस्टेरॉल आत ओढते, घरीही बनवते, पण वापर काहीच नाही. साठा फुगत जातो आणि अखेर त्या भारानेच पेशी मोडते. जे थोडं आपसूक बनत होतं तेही बंद. पहिला आघात जनुकाचा, दुसरा साचलेल्या कोलेस्टेरॉलचा. मिलर यांच्या गटाने 1996 मध्ये ही दोन आघातांची उपपत्ती मांडली.

ती किती नेमकी आहे, हे मुलींच्या बाबतीत कळतं. मुलग्यांचे वृषण गर्भातच टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात, म्हणून ते लवकर उद्ध्वस्त होतात आणि एक्सवाय गुणसूत्रांची ही बाळं बाहेरून मुलींसारखी दिसतात. मुलींच्या बीजकोशांना मात्र वयात येईपर्यंत कोणी फारसा निरोपच देत नाही. निरोप नाही म्हणून साठा नाही, आणि साठा नाही म्हणून दुसरा आघातही नाही. परिणामी यातल्या काही मुली आपणहून वयात येतात, त्यांना पाळीही सुरू होते. जनुक तोच, दोषही तोच, पण ज्या पेशीला कामाला जुंपलं नाही ती शाबूत राहिली. मगच हळूहळू, महिन्यामागून महिना निरोप येऊ लागल्यावर बीजकोशही थकतात.

हे सगळं वाचून एक शंका अनेकांना येते आणि ती रास्त आहे: कोलेस्टेरॉल कमी करायच्या स्टॅटिन गोळ्यांनी कॉर्टिसोल घटणार नाही का? अभ्यासांत तशी काळजी करण्यासारखी घट दिसलेली नाही. वरचा हिशेब आठवा. लागणारा माल फार थोडा आहे, वाटा तीन आहेत आणि ग्रंथीत साठाही आहे. एबीटालिपोप्रोटीनेमिया या आजारात रक्तात एलडीएल जवळजवळ नसतंच. अशा रुग्णांतही रोजचं कॉर्टिसोल साधारण ठीक असतं. एसीटीएच सलग बराच वेळ देऊन ग्रंथीला पुरतं कामाला लावलं, तेव्हा कुठे थोडी कमतरता दिसते. म्हणून कॉर्टिसोलच्या भीतीने हृदयासाठी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तेवढंच खरं उलट बाजूचंही आहे. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं म्हणून संप्रेरकं जास्त बनत नाहीत, कारण दाराशी उभं आहे स्टार, आणि ते रक्तातला आकडा बघत नाही, निरोप बघतं.

आणखी एक दावा हल्ली फार फिरतो: ताण वाढला की कॉर्टिसोल प्रेग्नेनोलोन ‘चोरतं’ आणि बाकीची संप्रेरकं उपाशी राहतात. ग्रंथीची रचना पाहिली तर यात तथ्य नाही हे कळतं. प्रत्येक पेशी आपल्याच तंतुकणिकांत आपल्यापुरतं प्रेग्नेनोलोन बनवते. सर्वांच्या वाटणीचं एकच भांडं कुठेही ठेवलेलं नाही, की एकाने जास्त घेतलं म्हणून दुसऱ्याला कमी पडावं.

लिपॉइड आजाराच्या बाळांना आज वाचवता येतं. दार उघडण्याचा उपाय नसला तरी दारापलीकडे जे बनायला हवं होतं ते थेट देता येतं: कॉर्टिसोलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन, अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि तान्हेपणी वरून मीठ. हे औषध जन्मभराचं. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवायचा आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन द्यायचं, हे आईवडिलांना पहिल्या दिवसापासून शिकवावं लागतं. निरोगी ग्रंथी तापात कॉर्टिसोल आपणहून कित्येक पट वाढवते. इथे ते काम घरच्या माणसांना करावं लागतं.

या आजाराचं एक सौम्य रूपही आहे आणि ते सहज नजरेतून सुटतं. त्यात स्टार अगदीच निकामी नसतं, त्याची थोडीफार ताकद शिल्लक असते. दार किलकिलं. अशी मुलं तान्हेपणी ठीक असतात, जननेंद्रियांची वाढही नेहमीसारखी असू शकते, आणि काही वर्षांची झाल्यावर एखाद्या साध्या तापात रक्तातली साखर घसरून एकाएकी कोसळतात. अंग इतरांपेक्षा काळसर होत चाललेलं असतं, पण घरात कोणाला त्यात वावगं वाटत नाही. अशा मुलात कॉर्टिसोल कमी आणि एसीटीएच खूप वर दिसलं, तर जनुकांच्या तपासणीत स्टारचं नाव यादीत असायलाच हवं.